गाऱ्हाण्यांचं पुस्तक

सांत्वनाची भक्ती सात वाजता होती, पण साडेसहापासूनच बायका यायला लागल्या. जिच्यातिच्या हातात चेनची रेक्झिनची पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत'. ओसरीवर सतरंज्या अंथरलेल्या, कोपऱ्यात बाजाची पेटी. येणारी प्रत्येक बाई दाराशी हलक्या आवाजात "सलाम" म्हणे, आत जाऊन भिंतीला टेकून बसलेल्या घरधनिणीचा हात हातात घेई आणि तशीच शेजारी बसे. घरधनीण चाळिशीच्या आतली. नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेलेला, दोन मुलं शाळेत.

गावाचं नाव सरकारदरबारी आता अहिल्यानगर झालं आहे. तिथली माणसं अजून नगरच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक इथे १८३१ मध्ये आले आणि पुढे हे शहर मराठी ख्रिस्ती माणसाचं माहेर होऊन बसलं. यंदाच्या अंकाचा विषय 'आधार' असा ठरला तेव्हा संपादकांनी बजावलं होतं, "श्रद्धेवर प्रवचन नको. संकटात माणूस शास्त्र उघडतो म्हणजे नेमकं काय करतो, ते बघून लिही." मी ख्रिस्ती नाही. घरात संध्याकाळचा हरिपाठ ऐकत वाढलेला माणूस. त्यामुळे मंडळीतल्या ओळखीच्या एका मावशींचं बोट धरून या ओसरीवर आलो होतो.

पाळक तरुण होते. एक गीत झालं, प्रार्थना झाली आणि त्यांनी ईयोबाची गोष्ट काढली. संपत्ती गेली, मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले, तेव्हा ईयोबाचे तीन मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. कोणी चकार शब्द काढला नाही. "तिथवर ते चांगले मित्र होते," पाळक म्हणाले. "मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं." दोघीतिघी हसल्या. घरधनीणही किंचित हसली. पुढे ते मित्र अध्यायामागून अध्याय ईयोबाला पटवत राहतात की तुझं काहीतरी चुकलं असणार, देव उगाच कोणाला मारत नाही. शेवटी देव बोलतो, तेव्हा त्याचा राग निघतो तो या वकिली करणाऱ्या मित्रांवर. देवाशी भांडणारा ईयोबच खरं बोलला, असा निवाडा होतो. "म्हणून मी आज समजावणार नाही," असं म्हणून पाळकांनी स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र काढायला सांगितलं.

वाचन आळीपाळीने होतं. एकीने एक वचन वाचायचं, पुढचं शेजारणीने. पाळी फिरत फिरत घरधनिणीपाशी आली. तिने ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलले, आवाज फुटेना. शेजारच्या बाईने तिच्या वाटणीचं वचन वाचलं, लगेच आपलं वाचलं, आणि पाळी पुढे सरकली. कोणी थांबलं नाही, कोणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. हे इतकं सहज झालं की ही यांची जुनी रीत असणार, एवढं कळलं. परतताना मावशी म्हणाल्या, "माझं माणूस गेलं तेव्हा वर्षभर मी नुसतं बोट फिरवलं. वाचलं ते बाकीच्यांनी."

देवाशी भांडायची मुभा

'वचनातून धीर मिळतो' हे वाक्य मला सगळ्यांकडून ऐकायला मिळालं. ते ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे गोड, गुळगुळीत वाक्यं यायची. प्रत्यक्षात दुःखाच्या घरी जे वाचतात ते फार खडबडीत निघालं. स्तोत्रसंहितेत एकशेपन्नास स्तोत्रं आहेत, पाच भागांत रचलेली, अनेक शतकांच्या काळात जमत गेलेली. त्यांतली निदान तिसरा हिस्सा विलापाची आहेत. तेवीसावं स्तोत्र, देवाला मेंढपाळ मानणारं, सगळ्यांना ठाऊक असतं. ख्रिस्ती नसलेल्यांनीही ते सिनेमात ऐकलेलं असतं. पण तेरावं उघडा. पहिल्या दोनच वचनांत चार वेळा एकच विचारणा आहे, अजून किती काळ? अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून कठोर. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, रडणारा माणूस 'तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो आणि सावरतो. अठ्ठ्याऐंशीव्यात ते वळणच नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. उपासनेच्या पुस्तकातून हे कोणी काढून टाकलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. ज्यांनी ते राखलं त्यांना माणसं कळत होती.

आणि एकशेसदतीसावं. बाबेलच्या नद्यांकाठी बसून हद्दपार यहुद्यांनी केलेला शोक जगभर गायला जातो. त्याच स्तोत्राचा शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांबद्दल असा शाप देतो की वाचणाऱ्याचा आवाज खाली येतो. अनेक ठिकाणी तो भाग गाळूनच वाचतात. एका निवृत्त पाळकांना मी यावर छेडलं. ते म्हणाले, "खुनाचा विचार मनात आलेला माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा मी त्याला हेच वाचायला देतो. तो विचार देवाच्या कानावर घाल म्हणतो. हातात कोयता घेण्यापेक्षा ते बरं."

मराठी माणसाला हे भांडण परकं वाटायचं कारण नाही. १६३० च्या दुष्काळात बायको आणि दुकान गमावलेल्या देहूच्या वाण्याने विठ्ठलाला जे सुनावलं ते आपण टाळ कुटत गातो. नारायण वामन टिळकांना हे नातं नेमकं दिसलं होतं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते खिळून राहिले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ताच्या पायाशी आपण तुकोबाच्या पुलावरून आलो, असं ते सांगत. त्यांची आणि त्यांच्या आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांची पदं आजही मराठी उपासनेचा कणा आहेत. सांगळे कीर्तनकार. एकोणिसाव्या शतकात नगरला उभं राहून टाळ-मृदंगाच्या साथीने ते येशूचं आख्यान लावत.

या पदांचं काम कसं चालतं ते ओसरीवर बसल्याशिवाय कळत नाही. 'उपासना संगीत'मध्ये दोन्ही तऱ्हा आहेत, विलायती चालींची गीतं आणि देशी चालींची पदं, भजनं. लग्नात, नाताळात विलायती चाली दणक्यात चालतात. मर्तिकाच्या घरी मात्र पेटीवाला बहुधा न सांगताच देशी चालीकडे वळतो. धृपद पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे पुस्तक न उघडणाऱ्यालाही दुसऱ्या फेरीत साथ धरता येते. निरक्षर म्हाताऱ्या यातूनच शास्त्र शिकल्या. अध्याय कितवा, वचन कितवं, हे त्यांना सांगता येत नाही, पण त्या वचनावर बांधलेलं अख्खं पद तोंडपाठ असतं.

केडगावचा छापखाना

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. ऊस, गुऱ्हाळं, चिमणीचा धूर, आणि मग पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. इथे आल्यावर माझ्या विषयाला धार चढली, कारण या बाईने पवित्र ग्रंथांचं अपयशही अंगावर घेतलं होतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. घराला घर नाही. तीर्थोतीर्थी हिंडायचं, देवळाच्या आवारात बसून पुराण सांगायचं, श्रोत्यांनी दिलेल्या शिध्यावर राहायचं. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या आणि हजारो श्लोक मुखोद्गत करून बसल्या. मग दक्षिणेतला दुष्काळ आला. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. त्या आधी घराने व्रतं केली, दानं केली, होतं नव्हतं ते देवाच्या पायी घातलं होतं. उरलेली दोन भावंडं पायी देशभर फिरली. कलकत्त्यात तिच्या विद्वत्तेचं कौतुक झालं, 'पंडिता' ही पदवी मिळाली. पण पाठ असलेले श्लोक आता तिला धीर देत नव्हते. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच नवरा कॉलऱ्याने गेला, कडेवर मनोरमा. सासरच्या घरी, आसामात, पुस्तकांत एक बंगाली चोपडं तिच्या हाती आलं होतं, लूकचं शुभवर्तमान. बाप्तिस्मा मात्र १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला. पुण्यातल्या कर्मठांनी आणि सुधारकांनीही त्यावर काय गहजब केला, तो आपल्या पाठ्यपुस्तकांत असतो किंवा सोयीने नसतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा गोळा करून त्यांनी केडगावी आणल्या. त्यानंतर गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडूनही आणल्या. १९०० च्या सुमारास इथे दीड-दोन हजार मुलीबाया होत्या. त्यांच्यासाठी विहिरी, शेती, माग, तेलाचा घाणा आणि छापखाना. आंधळ्यांसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवायला घेतलं.

त्या वेळी प्रचलित असलेलं मराठी पवित्र शास्त्र खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जातं, असं रमाबाईंचं ठाम मत होतं. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल नव्याने मराठीत आणायला बसल्या. हे काम सुमारे दीड तप पुरलं. खिळे जुळवायला, मुद्रितं तपासायला, छापायला, शिवायला याच बाया. दुष्काळात ज्यांना रस्त्यावरून उचलून आणलं त्यांतल्या कित्येकींनी पहिलं पान 'वाचलं' ते शिशाच्या उलट्या अक्षरांत, बोटांनी.

रमाबाईंना या काळात ऐकू येणं कमी कमी होत गेलं होतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती लेक, संस्थेची पुढची सगळी भिस्त तिच्यावर. रमाबाई पुन्हा मुद्रितांपाशी बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाल्यावर काही तासांतच त्या गेल्या असं मिशनमध्ये सांगतात. सगळं बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.

मला वाटतं, शास्त्रातून बळ मिळतं म्हणजे काय, याचं उत्तर रमाबाईंच्या बाबतीत एखाद्या वचनात शोधू नये. रोजचा ठराविक मजकूर, अडलेला शब्द, उद्याचा फर्मा. लेकीच्या दुःखात त्यांना हे काम होतं, आणि ते दुसऱ्या बायांना वाचता यावं म्हणून होतं. त्यांचं ते भाषांतर आज चर्चमध्ये क्वचितच वाचलं जातं. शब्दाला शब्द ठेवण्याच्या हट्टामुळे त्याची मराठी काही जागी अवघडलेली आहे, हेही खरं. पण जगात आख्खं बायबल एकट्या बाईने भाषांतरित केल्याची आणि बायांनीच छापल्याची उदाहरणं किती असतील?

पुरोहित नसताना

वचन तोंडपाठ असण्याची किंमत सगळ्यात जास्त कधी कळते? पुस्तक आणि पुरोहित दोन्ही हिरावले जातात तेव्हा. याची गोष्ट मराठीतल्या एका महाग्रंथाशी जोडलेली आहे.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीत राहून ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये रायतूरला ते छापलं गेलं. ओव्या अकरा हजारांच्या आसपास. दोन आवृत्त्या पुढे निघाल्या, तरी त्या जुन्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? हस्तलिखितांत आणि गळ्यांत. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. तिथून दक्षिणेला कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराण बरोबर नेलं. लेंटच्या दिवसांत, रविवारी दुपारी, लग्नाघरी ते ओवीच्या चालीवर वाचायचं, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी वहिवाट पडली.

१७८४ मध्ये टिपू सुलतानाने या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं. १७९९ मध्ये टिपू पडेपर्यंत, पंधरा वर्षं, ही माणसं तिकडे होती. पाद्री नाहीत, मिस्सा नाही, संस्कार नाहीत. मंगळुरी घराण्यांतल्या परंपरेनुसार त्या काळात समाजाला धरून ठेवलं ते या पुराणाने. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी पुराणाची रोमन लिपीतली आवृत्ती काढली, ती अशाच घरांत जपलेल्या पोथ्या जमवून. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडलं.

वसईच्या एका निवृत्त शिक्षकांशी यावर बोलत होतो. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई, आजीला एक अक्षर कळत नसे. ती मागच्या बाकावर बसून आपली वाडवळी बोलीतली गाणी आणि माळ पुटपुटत राही. १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवरून मराठी ऐकू आली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटो बसले तेव्हा गुरुजींनी टीव्हीपुढे टाळ्या वाजवल्या म्हणे. "आजीला सुबोध मिळालं असतं तर तिने आम्हाला झोपूच दिलं नसतं," ते म्हणाले.

यंदाचं वचन

आता थोडी कुरकुर. एकतीस डिसेंबरच्या रात्रीची भक्ती बारा वाजता संपते आणि दाराशी वचनांची कार्डं फिरतात. डोळे मिटून एक उचलायचं. त्यावर शास्त्रातलं एक वचन, मागे गुलाब नाहीतर सूर्योदय. ते तुमचं वर्षाचं वचन. फ्रिजवर लागतं, पाकिटात राहतं, मोबाईलच्या स्क्रीनवर चढतं. ही हौस जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहुट गावचे मोरावियन लोक १७३१ पासून चिठ्ठी काढून निवडलेल्या रोजच्या वचनांची पुस्तिका दरवर्षी छापतात.

मी पाहिलेल्या कार्डांत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र एकदाही निघालं नाही. ते छापतच नाहीत. सगळ्यात खपतं ते यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन, देवाच्या मनात तुमच्या भल्याचे बेत आहेत अशा आशयाचं. दहावीचा निकाल, दुबईचा व्हिसा, फ्लॅटचं कर्ज, सगळीकडे ते चालतं. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे. यिर्मयाने ते बाबेलात नेलेल्या कैद्यांना लिहिलं, आणि त्याच्या आदल्याच वचनात मुदत दिली आहे, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तिकडेच मरणार. तोवर काय करा? घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला आणून टाकलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं वाचलं की अकरावं वचन जड होतं आणि खरंही वाटू लागतं. कार्डावर फक्त साखर उरते.

कोविडच्या लाटेत असंच एक्याण्णवावं स्तोत्र फिरलं. मरी तुझ्या घराजवळ येणार नाही, या अर्थाचं त्यात आहे, म्हणून ते व्हॉट्सअ‍ॅपवर, दारावर, मास्कवरसुद्धा. वर उल्लेख केलेल्या निवृत्त पाळकांनी यावर मला जे दाखवलं ते माझ्या वाचनात असूनही लक्षात आलं नव्हतं. शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन खाली उडी मारायला सांगतो, तेव्हा तो शास्त्राचा हवाला देतो, आणि तो हवाला नेमका याच स्तोत्राचा आहे. येशू उडी मारत नाही. "पुस्तक ताईत म्हणून वापरायचं की नाही, त्याचा निकाल तिथे लागला आहे," ते म्हणाले. त्यांच्या मंडळीतली कितीतरी माणसं त्या दोन वर्षांत गेली. पुरायला चार-पाच जणांना परवानगी. स्तोत्र दारावर लावलेल्या घरांतलीही गेली. "त्या घरी मी काय बोलणार होतो? फोन केला, आणि विलापगीतातला एक अध्याय वाचून ठेवला. पलीकडून नुसतं हुं, हुं."

फोनवरच्या त्या वाचनांनी मात्र एक नवी रीत पाडली. रात्री नऊला कॉन्फरन्स कॉल. नगर, पुणे, कल्याण, सुरत, मस्कत, जिकडे मंडळीतले लोक पांगले आहेत तिकडून ते जोडले जात. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी आपापला माईक बंद ठेवायचा. टाळेबंदी उठली, कॉल काही ठिकाणी अजून चालू आहे.

कानाशी

मिशनच्या दवाखान्यांत चॅप्लन असतात. औषधाच्या वेळा सांभाळून वॉर्डात फेरी घालणं, विचारलं तर वाचणं, सांगितलं तर प्रार्थना करणं हे त्यांचं काम. 'विचारलं तर' यावर मला भेटलेल्या चॅप्लनबाईंचा भर होता. आजकाल कोण काय आरोप करील सांगता येत नाही, म्हणून त्या आधी नुसत्या स्टूल ओढून बसतात. हिंदू, मुसलमान नातेवाईकही बोलावतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री माणूस दुवा कुठली हे बघत नाही.

त्यांनी धंद्यातल्या गोष्टी सांगितल्या. ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला लांब उतारा नको. त्याच्या श्वासाच्या मापाने वाचायचं, दोन वचनं, थांबायचं. उभ्याने वाचायचं नाही, आवाज वरून पडतो. बरं होण्याच्या चमत्कारांच्या गोष्टी शेवटच्या अवस्थेतल्या रोग्याला वाचू नयेत, त्याला वाटतं आपला विश्वास कमी पडला. बाळ गेलेल्या बाईला 'देवाला फूल हवं होतं' वगैरे सांगणाऱ्या नातेवाइकांना चहाला बाहेर न्यायचं. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, असं त्या म्हणाल्या.

आणि शब्बाथशाळा. लहानपणी रविवारी सकाळी पोरांकडून सुवर्णवचन पाठ करून घेतात, चुकलं तर पुन्हा, आलं तर चित्राचं कार्ड. पोरं कंटाळतात. साठ वर्षांनी, अर्धांगाने वाचा गेलेला माणूस आपल्या मुलाचं नाव घेऊ शकत नाही, पण चॅप्लनबाईंनी तेवीसावं स्तोत्र सुरू केलं की मागोमाग शब्द यायला लागतात. डॉक्टर याचं कारण सांगतात: पाठांतर आणि गाणं मेंदूत वेगळ्या वाटेने साठतं. चॅप्लनबाईंना ते कारण मान्य आहे. "वाट कुठलीही असो, पोचलं ना!"

प्रार्थनाविषय

नगरच्या त्या मावशींच्या घरी दर बुधवारी बायकांची प्रार्थनासभा असते. एक वही आहे, तिच्यात प्रार्थनाविषय लिहितात. सुनेचं बाळंतपण, शेजारच्या मुलाची दारू, बोअरला पाणी, अमक्याचं डायलिसिस. ज्याचं काम झालं त्यापुढे तारीख घालून 'स्तुती' असं लिहितात. न झालेले विषय पुढच्या पानावर उतरवून घेतात. काही विषय वर्षानुवर्षं पानापानावर चालत आले आहेत.

यांतला एक मावशींच्या थोरल्या मुलाचा. त्याचे पणजोबा महारवाड्यातून मंडळीत आले. या भागातली बहुतेक मंडळी महार-मांग समाजांतली, त्यांतली पुष्कळशी दुष्काळांच्या काळात आलेली, आणि 'पोटासाठी बाटले' हा टोमणा चौथ्या पिढीपर्यंत पोचलेला. मुलाला बायबलातलं आवडतं ते निर्गम: विटा पाडणाऱ्या गुलामांचं गाऱ्हाणं देवाने ऐकलं ती गोष्ट. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. सवलत गेली, वस्ती तीच राहिली, स्मशानाचा तंटाही तोच. सर्वोच्च न्यायालयात याचिका २००४ पासून आहेत. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला.

मुलगा वकिली करतो. आईच्या बुधवारवर त्याचा विशेष राग नाही, पण तो बसत नाही. "इथे सगळ्यांचं रडून झालं की सगळ्या घरी जातात," तो मला म्हणाला. "शांत होऊन जातात, हेच माझं दुखणं आहे."

मावशी आतून ऐकत होत्या. "शांत होऊन नाही रे, जेवून जातात," त्या म्हणाल्या, "आणि गेल्या महिन्यात तुझ्या त्या मोर्चाला यांतल्या नऊ जणी आल्या होत्या. तुझ्या पार्टीचे किती आले होते?"

तो हसला, उठला, आणि जाता जाता वहीत डोकावला. आयोगाचा विषय मागच्या पानावरून या पानावर उतरवायचा राहिला होता. त्याने पेन मागून घेतला.